जुन्या मुंबईचीं छायाचित्रें कशीं पाहावीं?

जुन्या मुंबईचीं छायाचित्रें आज घरोघरीं पोंचलीं आहेत. दिनदर्शिकांवर तीं छापलेलीं असतात, दुकानांतून चौकटींत बसवून विकलीं जातात, आणि मोबाईलवरून तर दिवसभर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत असतात. तीं पाहून बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार निघतो : "काय सुंदर, शांत आणि मोकळें शहर होतें हें! आतां पाहा काय दशा झाली आहे!" वडील माणसें असें म्हणतात, आणि तें ऐकून मुलेंही तसेंच म्हणूं लागतात. या उद्गाराशीं आमचा मतभेद आहे. तो कां आहे हें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम या विद्येचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पॅरिस येथें १८३९ सालीं डागेर याची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, आणि फार वर्षें लोटलीं नाहींत तोंच ही विद्या हिंदुस्थानांत आली. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, व पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. सुप्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या कलेंत निष्णात होते; आणि एल्फिन्स्टनच्या वर्गांत शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें तोच व्यवसाय केला. तेव्हां कॅमेरा केवळ साहेबांच्याच हातीं होता, असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां तें "मोकळें शहर" पाहूं. त्या काळीं चित्र घेण्याची जी रीत रूढ होती, ती १८५१ सालीं आर्चर नांवाच्या इंग्रज गृहस्थानें शोधून काढली होती. कांचेवर कोलोडियन नांवाचें चिकट द्रव्य पसरून ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि सुकण्यापूर्वीं काळोख्या तंबूंत नेऊन तिच्यावरील चित्र उठवावयाचें, असा तो खटाटोप असे. भिंग कित्येक सेकंद उघडें ठेवावें लागे. तेवढ्या अवधींत इमारत हलत नाहीं, म्हणून तिची कमान अन् कमान स्पष्ट उमटते. परंतु रस्त्यानें जाणारा हमाल, टोपली घेऊन निघालेली कोळीण, धांवणारी घोडागाडी, यांची छाया कांचेवर ठरत नाहीं. फार तर एखादी धुरकट रेघ मागें राहते. १८६४ सालच्या शिरगणतींत मुंबईची वस्ती आठ लाखांहून अधिक भरली होती. तीं आठ लक्ष माणसें कोठें गेलीं? तीं रस्त्यावरच होतीं. चित्रांतून तेवढीं गळालीं. ज्या शांततेचा आपण हेवा करतों, ती पुष्कळ वेळां कांचेची व रसायनाची करामत होय.

दुसरी गोष्ट निवडीची. छायाचित्र खोटें बोलत नाहीं, असें म्हणतात. तें खरें मानलें तरी तें सर्वच बोलून दाखवितें, असें नाहीं. कॅमेरा कोणीकडे वळवावयाचा हें मनुष्य ठरवितो. १८६२ पासून गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत किल्ल्याचे तट पाडण्यांत आले. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाच्या व्यापारांत शहरांत अलोट पैसा आला होता. पुढें मोकळ्या झालेल्या जागेवर १८७४ सालीं सचिवालय, आणि १८७८ सालीं राजाबाई टॉवर व हायकोर्ट अशा भव्य इमारती पूर्ण झाल्या. आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाचें कामही १८७८ सालींच सुरू झालें. या इमारतींचीं चित्रें विलायतेस जात, आणि तेथील लोकांस आपल्या साम्राज्याचें वैभव त्यांत दिसे. राजाबाई टॉवरसाठीं प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवें पैसा दिला, आणि स्थानकावरील कोरीव कामांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, हें केवळ चित्र पाहून कसें कळावें? चित्राखालीं स्थापत्यविशारदाचें नांव असतें, पाथरवटाचें नसतें.

गरिबांच्या गल्ल्यांचीं चित्रें मुळींच नाहींत काय? आहेत, पण तीं केव्हां घेतलीं गेलीं हें ध्यानांत घ्यावें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. त्या वेळच्या सरकारी कामाचीं जीं छायाचित्रें आहेत, त्यांत घरें धुणारे बंब, तपासणीची पथकें, इस्पितळें आणि छावण्या दिसतात. तेथें घर हें घर म्हणून येत नाहीं, रोगाचें ठिकाण म्हणून येतें. पुढें १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि प्रिन्सेस स्ट्रीट, सँढर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढण्यासाठीं दाट वस्त्या पाडण्यांत आल्या. ज्यांचीं घरें गेलीं, त्यांच्या ओटीचें, माजघराचें, तुळशीवृंदावनाचें चित्र घेण्याची कोणास आवश्यकता वाटली असेल?

यावर कोणी म्हणेल, मग हीं चित्रें राज्यकर्त्यांच्या अभिमानाचीं म्हणून टाकून द्यावीं काय? तसें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. किल्ल्याच्या वेशी आज पृथ्वीवर नाहींत. चर्चगेट हें नांव स्टेशनास राहिलें, वेस राहिली नाहीं. ती कशी होती हें सांगणारें साधन म्हणून जुन्या चित्रांचें मोल मोठें आहे. त्यांतील पुष्कळ संग्रह आज लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत आहेत. आमचें म्हणणें इतकेंच, कीं चित्र पाहतांना दोन प्रश्न अवश्य विचारावे : हें कोणी व कशासाठीं घेतलें? आणि चौकटीच्या बाहेर काय राहिलें? हे प्रश्न न विचारणारा मुलगा आपल्याच पूर्वजांना शहरांतील अडगळ समजूं लागतो, आणि आजच्या गर्दीचा, म्हणजे आपल्याच माणसांचा, त्याला कंटाळा येतो.

ही गोष्ट केवळ भूतकाळाची नाहीं. वरळीच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकांत बांधल्या गेल्या. आतां त्या पाडून तेथें उंच मनोरे उभे राहत आहेत. गिरगांव-लालबागेंतही जुन्या चाळी एकामागून एक जात आहेत. रहिवाशांस चांगलें घर मिळावें हें योग्यच आहे. पण जुनी चाळ गेल्यावर तिचें काय उरणार? पूर्वीं कॅमेरा विकत घेण्याची ऐपत थोड्यांची होती. आज तो बहुतेक प्रत्येक घरांत आहे. त्यांत आपले चेहरे शेंकडों, पण लाकडी जिना, सामाईक नळ, गॅलरींतील वाळवण, चौकांतील गणपति, यांचीं चित्रें किती?

म्हणून आमची विद्यार्थ्यांस सूचना आहे, कीं येत्या सुटींत आपण राहतों त्या इमारतीचीं दहा चित्रें तरी घ्यावीं, आणि माणसें बाजूस सारून नव्हे, तर माणसांसह घ्यावीं. प्रत्येकाबरोबर ठिकाण, तारीख आणि दिसणाऱ्या माणसांचीं नांवें त्यांना विचारून लिहून ठेवावीं; नांवांवांचून चित्र पन्नास वर्षांनीं मुकें होतें. पालकांस विनंति इतकीच, कीं घर बदलतांना जुन्या ट्रंकेंतील फोटो रद्दींत जाऊं देऊं नयेत. आजीला जवळ बसवून, त्यांत कोण कोण आहे तें आधीं उतरवून घ्यावें. हें काम पुढील वर्षावर टाकण्यासारखें नाहीं. इमारत कदाचित् थांबेल, पण सांगणारें माणूस थांबेलच असें नाहीं.