हळकुंडावरचा रंग



गेल्या महिन्यात वस्तीतल्या बैठकीत मी मसाल्यांतल्या भेसळीवर बोलत होते. मागे बसलेल्या मावशींनी मला मध्येच थांबवलं. "आम्ही तयार पूड आणतच नाही बाई. हळकुंडं पारखून घेतो, गिरणीतून दळून आणतो." मी त्यांचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. नंतर या विषयावरचं वाचायला घेतलं, आणि ते कौतुक मला परत घ्यावं लागणार आहे.

शिसं पुष्कळदा हळकुंडावरच चढवलेलं असतं. शिजवून वाळवलेली हळकुंडं पिंपात घोळवून पॉलिश करतात, तेव्हा रंग उठून दिसावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट टाकतात. हा भिंतींच्या आणि यंत्रांच्या रंगांत वापरला जाणारा पिवळा रंग. मग ती हळद गिरणीत दळली काय, खलबत्त्यात कुटली काय! आणि बाजारात आपण पारखतो ते पिवळेपणच.

बांगलादेशात खेड्यांतल्या गरोदर बायांच्या रक्तात शिसं कुठून येतं याचा माग संशोधकांनी काढला. २०१९ साली तो हळदीपाशी पोचला. १९८० च्या दशकात मोठ्या पुरात हळद भिजून काळपट पडली, ती खपावी म्हणून रंग देणं सुरू झालं आणि पुढे तीच रीत पडली. आपल्याकडे हळदीत एका ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम शिशाची मर्यादा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटण्याच्या हळदीत ते १००० च्याही वर निघालं.

शिसं शरीरात किती असलं तर चालतं, याचं उत्तर 'अजिबात नाही' असंच आहे. पण ते सगळ्यांच्या अंगात सारखं मुरत नाही. लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषून घेतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांना रक्तपांढरी आहे. शेवटी उरलंसुरलं खाणारी बाई इथेही आधी सापडते. शिसं वर्षानुवर्षं हाडांत साठतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर शिसंही सुटतं आणि नाळेतून बाळापर्यंत, त्याच्या मेंदूपर्यंत जातं. बाळंतिणीला आपण मायेनं हळदीचं दूध देतो, म्हणून हे वाचताना मला फार राग आला.

अशा वेळी 'गृहिणींनो, सावध राहा' असं सांगणारे लेख लगेच येतात. कशी राहणार सावध? हळदीत शिसं किती, हे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. बांगलादेशात २०१९ नंतर लोकांना माहिती दिली गेलीच, पण त्याबरोबर सरकारी माणसं घाऊक बाजारात गेली, जागच्या जागी तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड केला. २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत शिशाची भेसळ होती, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडली नाही.

सांगली, वसमतची हळद देशभर जाते. तिथे पॉलिशच्या वेळीच तपासणी का होऊ नये? पिंपांशी उभं राहून ती भुकटी श्वासात घेणाऱ्या मजुरांचं काय, हेही विचारायला हवं.

अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कुणीही ग्राहक फी भरून माल तपासून घेऊ शकते. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते. आमच्या गटानं वर्गणी काढून पाच दुकानांतली हळकुंडं तपासायला द्यायचं ठरवलं आहे. पहिला नमुना मावशींच्या नेहमीच्या दुकानातला. अहवाल चांगला येवो की वाईट, पुढच्या अंकात छापू.