उटण्याचें माप

आश्विन लागला कीं काष्ठौषधींच्या दुकानांपुढें गर्दी होऊं लागते. नागरमोथा, कचोरा, गव्हला, वाळा अशीं जीं नांवें वर्षभर कोणाच्या तोंडीं येत नाहींत, तीं त्या पंधरवड्यांत लहान मुलांच्याहि कानीं पडतात. नरकचतुर्दशीची पहाट उलटली म्हणजे हीं नांवें पुन्हां पुढील आश्विनापर्यंत निजतात.

‘उटणें’ हा शब्द संस्कृत ‘उद्वर्तन’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेनें आपल्या घरीं आला. वाग्भटानें अष्टांगहृदयांत दिनचर्येचा विचार करितांना अभ्यंग व व्यायाम यांच्या मागोमाग उद्वर्तनास स्थान दिलें आहे. त्याच्या मतें त्यानें कफ व मेद उतरतो, अवयवांस स्थिरता येते आणि त्वचा तजेलदार होते. अर्थात् उटणें ही मुळांत सणाची चैन नसून दिनचर्येचा भाग होतें. आज तें एका पहाटेपुरतें उरलें आहे, आणि तेंहि बहुधा पाकिटांतून येतें. पाकिटावर आमचा राग नाहीं. ज्या घरीं माणसें थोडीं व कामें फार, तेथें तें सोयीचें आहे. परंतु ज्या घरांत आजी आहे, सुना आहेत, शाळेंत जाणारीं मुलें आहेत, तेथें ही कला पाकिटाच्या स्वाधीन करण्यापूर्वीं थोडा विचार करावा. वर्षांतून एकदांच केलेली कोणतीहि गोष्ट हातांत राहत नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं या विषयास ‘गन्धयुक्ति’ असें स्वतंत्र नांव देऊन चौसष्ट कलांत तिची गणना केली. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत तिच्यासाठीं एक प्रकरणच खर्ची घातलें. त्यांत तो सोळा सुगंधी द्रव्यें घेतो, आणि त्यांतून चार चार निवडलीं असतां १८२० मिश्रणें होतात असें सांगतो. आमच्या गणिताच्या वर्गांत आम्ही हें उदाहरण फळ्यावर घालीत असूं. ज्या मुलांस संचयाचा नियम एरवीं कडू वाटे, तीं देखील येथें हंसत हंसत आंकडे मांडीत. आपल्या मराठीलाहि या विद्येचा विटाळ नव्हता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं गंगाधराचा ‘गन्धसार’ व ‘गन्धवाद’ नांवाचा दुसरा ग्रंथ यांचें हस्तलिखित उजेडांत आणिलें. पैकीं ‘गन्धवादा’वर मराठी टीका आहे. हे दोन्ही ग्रंथ १९८९ सालीं बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरानें छापून काढिले. कोणा मराठी माणसास शेंकडों वर्षांपूर्वीं वाटलें कीं सुगंधाची कृति आपल्या भाषेंत लिहून ठेवावी, ही गोष्ट आम्हांस मोठी हृद्य वाटते. कारण लिहून न ठेविल्यानें काय होतें, हें आमच्या घरानें पाहिलें आहे.

आमच्या वडील वहिनींच्या उटण्याचा आमच्या वाड्यांत लौकिक होता. कोणीं माप विचारलें तर त्या “हाताला कळतें” एवढेंच म्हणत. त्या निवर्तल्या त्या वर्षीं दिवाळींत डबा उघडला, तों तळाशीं चार मुठी उटणें उरलें होतें. तें मुलांच्या अंगाला लाविलें आणि डबा धुऊन पालथा ठेविला. जिन्नस घरांतील सर्वांस पाठ होते. प्रमाण मात्र कोणासच ठाऊक नव्हतें. पुढील वर्षीं धाकट्या सूनबाईंनीं एक युक्ति केली. आमचे थोरले बंधू जमाखर्च लिहिण्यांत अत्यंत काटेकोर. त्यांच्या अकरा वर्षांच्या वह्या माळ्यावरून काढून सूनबाईंनीं प्रत्येक आश्विनांतील काष्ठौषधींची खरेदी उतरून घेतली आणि त्रैराशिकानें प्रमाण बसविलें. मसुराच्या डाळीचें पीठ पांच भाग, संत्र्याच्या सालीची पूड दोन भाग. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा व गुलाबपाकळ्या हे प्रत्येकीं एक भाग. गव्हला अर्धा, आणि चंदन असेल तितकें. संत्र्याची साल अर्थातच वहींत नव्हती, कारण ती विकत येत नसे. तिचें माप डब्याच्या आकारावरून अजमावलें.

उटणें झालें, परंतु वास थोडा उग्र आला. तेव्हां माहेरपणास आलेल्या आमच्या भगिनीस आठवलें कीं वहिनी साल उन्हांत कधीं घालीत नसत. आंतला पांढरा पापुद्रा खरवडून ती माजघरांत सुपावर वाळूं देत, आणि नागरमोथा अगदीं शेवटल्या दिवशीं खलबत्त्यांत कुटीत. त्याप्रमाणें केलें. तिसऱ्या वर्षीं सूनबाईंनीं डबा उघडून थोरल्या बंधूंपुढें धरिला. ते कांहीं बोलले नाहींत. उठून बाहेरच्या ओटीवर जाऊन बसले.

वहिनींच्या त्या दोन संवयींचें कारण उघड आहे. सुगंध म्हणजे वनस्पतींतील उडून जाणारें तेल. उन्हानें तें उडतें, आणि दळतांना पातें तापलें तरी उडतें. म्हणून ज्यांस मिक्सरच वापरावयाचा असेल त्यांनीं तो थोडा थोडा फिरवून मध्यें थंड होऊं द्यावा. वाळा व गुलाब सर्वांत शेवटीं घालावे. पूड वस्त्रगाळ करून कोरड्या बरणींत ठेवावी. ओला हात लागला कीं डाळीच्या पिठास बुरशी आलीच. नवें मिश्रण प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. तान्ह्या मुलांस नुसतें डाळीचें पीठ व दुधाची साय पुरे.

आमच्या जिल्ह्यास या कामीं बाहेरून फारसें आणावें लागत नाहीं. आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांत संत्र्यांच्या बागा आहेत. समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवच्या हळदीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण ती जेवणांतली हळद. उटण्यांत चिमूटभरच घालावी, नाहीं तर पाहुणे पिवळे होऊन परत जातील. आणि ज्या लव्हाळ्यापायीं आमचा कपाशीवाला शेतकरी जेरीस येतो, तो नागरमोथ्याचाच सख्खा भाऊ आहे. एक जण ज्याच्या गांठी खणून धुऱ्यावर फेंकतो, त्याच्याच भाऊबंदांस दुसरा दुकानांत पैसे मोजतो!

उटण्यापूर्वीं तेल हवें. जवसाचें तेल आमच्याकडे स्वयंपाकांत पूर्वापार असलें तरी अंगास लावूं नये. तें हवेनें सुकून चिकट पापुद्रा धरतें, म्हणून तर रंगारी तें वापरतो. अभ्यंगास तीळच उत्तम. तिळाच्या अंगीं सुगंध ओढून घेण्याचा गुण आहे, आणि जुने गंधी त्याचाच उपयोग करीत. पांढरे तीळ परातींत पसरून त्यांवर मोगऱ्याचीं ताजीं फुलें अंथरावीं, वर पातळ फडकें घालावें, रोज शिळीं फुलें काढून ताजीं घालावीं. आठ-दहा दिवसांनीं ते तीळ घाणीवर काढून आणिले म्हणजे फुलेल तयार. मोगरा उन्हाळ्यांत फुलतो, तेव्हां दिवाळीचें तेल चैत्र-वैशाखांतच करून ठेवावयाचें असतें. हाताला वर्षभर काम राहतें तें असें.

घाणीचें नांव निघालें म्हणजे वर्धेकरास मगनवाडी आठवणारच. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला; जमनालाल बजाजांनीं आपली बाग त्यास दिली आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. तेथें झवेरभाई पटेलांनीं बैलघाणीचा अभ्यास केला. कोणता भाग केवढा असावा, किती तिळांतून किती तेल निघतें, पेंडींत किती राहतें, हें सर्व मोजून पाहिलें, आणि सुधारलेली ती घाणी ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय त्याच आवारांत आहे. मुलांस एकदां अवश्य दाखवावें. तेल्याच्या पिढीजात हातापुढें तराजू आणून ठेविल्यानें त्या हाताचा अपमान झाला नाहीं, उलट त्याचें ज्ञान दुसऱ्या गांवास देतां आलें. म्हणून आजीबाई “हाताला कळतें” म्हणाल्या तर त्यांच्याशीं वाद घालूं नये. त्यांची मूठ भरली कीं ती हळूच कांट्यावर धरावी व आंकडा लिहून घ्यावा. मूठ व कांटा दोघांचीहि वहींत नोंद असावी.

साबण घरीं करावा काय, असें कित्येकांनीं विचारिलें आहे. कॉस्टिक सोडा हातास व डोळ्यांस घातक आहे. ज्या घरांत मुलें हिंडतात तेथें तो आणूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. केसांस शिकेकाई व रिठा यांतच फेस देणारें द्रव्य आहे. मात्र तीं डोळ्यांत जाऊं देऊं नयेत, झोंबतात.

दुसरें एक संकट स्तुतीचें. उटणें चांगलें झालें कीं शेजारीं म्हणतात, “विकत कां देत नाहीं?” विकण्यासाठीं अशीं प्रसाधनें करावयाचीं तर औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायदा, १९४० याखालीं परवाना लागतो. ज्यांस व्यवसायच करावयाचा आहे त्यांनीं तो रीतसर मिळवून खुशाल करावा. परंतु नव्यानें शिकणाऱ्या सुनेच्या हातीं लगेच पन्नास पाकिटांची मागणी ठेवूं नये. पहिलीं दोन-तीन वर्षें तिला वाळा कमी-अधिक करून पाहूं द्या, एखादें मिश्रण फसूं द्या. आणि तेवढी दुपार तिच्या स्वाधीन राहील अशी व्यवस्था सासूबाईंनीं, व कुटण्याच्या कामापुरती घरांतील पुरुषांनींहि, करावी. आठ जिन्नसांतून चार चार घेतले तर सत्तर मिश्रणें होतात. महिन्यास एक केलें तरी पावणेसहा वर्षांहून अधिक काळ पुरतील.

आमच्या सूनबाईंचें सध्यां सतरावें चाललें आहे. त्यांत वाळा दुप्पट घातला असून कचोरा मुळींच घातलेला नाहीं. नातवंडांचा कौल विरुद्ध पडला आहे. थोरले बंधू मात्र अनुकूल आहेत.