मोबाइलवरील साधन कोणतें निवडावें?

पेरणीस पाभर लागते व आंतरमशागतीस कोळपें. एकाच औतानें दोन्ही कामें होत नाहींत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मोबाइलवरील साधनांचेंही तसेंच आहे.

महाभूलेखावर सातबारा पाहावयाचा तर संकेतस्थळ पुरतें. फोनांत कांहीं उतरवावें लागत नाहीं, कोणत्याही फोनवर तें उघडतें, व दुरुस्ती एके ठिकाणीं केली कीं सर्वांस मिळते. ॲपास मात्र अँड्रॉइड व आयफोन यांसाठीं बहुधा वेगळें काम व वेगळा खर्च पडतो.

तथापि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचें काम निराळें. तेथें शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र द्यावें लागतें. कॅमेरा व स्थाननिश्चिती हीं अंगें संकेतस्थळांसही आतां लाभतात. परंतु अशा कामीं फोनांत उतरविलेलें ॲपच अधिक भरंवशाचें. सोलापूर जिल्ह्यांत मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानांत किंवा सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेंत रेंज नसली, तर नोंद फोनांत राहून मागाहून पुढें गेली पाहिजे. नाहीं तर मुदत टळते, सातबाऱ्यावर पीक चढत नाहीं, व नुकसानभरपाईच्या वेळीं हात चोळीत बसावें लागतें.

सबब आमचें मत असें कीं, बाजारभाव व पत्रकें यांसाठीं शेतकरी संस्थांनीं संकेतस्थळच करावें. ॲप रानांतील नोंदीपुरतें असावें. आणि कोणतेंही साधन स्वीकारण्यापूर्वीं तें स्वस्त फोनवर, रेंजबाहेरच्या बांधावर पारखून घ्यावें. कचेरींत चाललें म्हणजे रानांत चालेलच असें नाहीं.