तांबडा कोंबडा, पट्टेरी कोंबडी

पिल्ले निघाली की घरात पहिला प्रश्न असतो: तलंगा किती आणि कोंबडे किती? उत्तर कळेपर्यंत महिना-दोन महिने सगळ्यांनाच दाणा घालावा लागतो. आम्ही एक युक्ती सांगतो. ऱ्होड आयलंड रेडचा तांबडा कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी अशी शुद्ध जोडी लावा. पिल्ले काळी निघतील. ती वाळली की डोके पाहा. पांढरा ठिपका असेल तो नर, नसेल ती मादी. कारण ही आई पट्ट्यांचा गुण फक्त मुलग्यांना देते. पुढे नर पट्टेरी होतात, माद्या काळ्या. जोडी मात्र उलटी लावू नका. पट्टेरी बापाच्या सगळ्याच पिल्लांना ठिपका येतो, आणि दाण्याचा खर्च पुन्हा आपल्याच माथी!