इफ्तारची तयारी कोणाच्या वेळातून?

शब-ए-बारातचा हलवा संपतो न संपतो, तोच मुस्लिम घरांतल्या बायका रमजानच्या तयारीला लागतात. शाबानचे उरलेले पंधरा दिवस हाताशी असतात. खिमा परतला जातो, समोशाच्या पट्ट्या शेकल्या जातात, शामी कबाबसाठी चण्याची डाळ आणि मांस एकत्र शिजवून वाटले जाते. आले-लसणाचे वाटण, तळलेला कांदा, चिंच-खजुराची चटणी डब्यांत जाते. फ्रीजरचे दार ढकलून बंद करावे लागते.

ही बेगमी शहाणपणाचीच. सहरीला घरातली बाई सर्वांच्या आधी उठते आणि सर्वांच्या शेवटी घास घेते. नोकरी असेल तर ती करून येते आणि असरची नमाज झाली की थेट कढईपुढे उभी राहते. मगरिबची अजान होते तेव्हा सगळे दस्तरखानावर असतात आणि ती शेवटचा घाणा काढत असते. तीही रोजेदार आहे, हे गरम भजी मागणाऱ्याच्या ध्यानात नसते. आधी करून ठेवलेल्या तयारीने तिला संध्याकाळचा तासभर मिळाला, तर कुरआनपठण होईल, थोडी पाठ टेकता येईल.

पण हा वाचलेला तास तिच्या वाट्याला येतो का? बहुतेक घरांत येत नाही. समोसे तयारच आहेत म्हणून जोडीला कटलेट होतात, कबाब आहेतच म्हणून आणखी चार पाहुणे बोलावले जातात. फ्रीजर जितका भरलेला, तितकी फर्माईश मोठी. पैगंबर साहेबांचा इफ्तार ओल्या खजुरांचा असे. ते नसले तर सुके खजूर, तेही नसले तर पाण्याचे काही घोट. घरात असताना ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठत, असे हजरत आयशांनी सांगितले आहे. खजुराची सुन्नत सर्वांना पाठ आहे. घरकामाची सुन्नत कोणी फारशी काढत नाही.

म्हणून तयारी आधी करायची तर पदार्थही आधीच ठरवावेत: रोज तळणीचा एकच, बाकी फळे आणि भिजवलेले चणे. खिमा एका वेळेपुरता बांधून ठेवावा, आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात आणावा. एकदा सुटलेला पुन्हा गोठवू नये. सहरीसाठी रात्री केलेला भात ओट्यावर तसाच राहू देऊ नये, निवला की लगेच फ्रीजमध्ये जावा. फ्रीज नसेल किंवा वीज वरचेवर जात असेल, तर मांसाच्या नादी न लागता सुके मसाले आणि तळलेला कांदा एवढेच साठवावे. समोसे भरायला मुलगे बसू शकतात, तळायलाही.

विसावा रोजा सुटला की घरातले कोणी एतिकाफला बसते, त्याचा डबा दोन्ही वेळा मशिदीत पोचतो. तो डबा करणारीलाही शब-ए-कद्रच्या त्या विषम रात्री जागायच्या असतात. फ्रीजरमधला निम्मा साठा त्या दहा दिवसांसाठी राखावा. शीरखुर्म्याचा सुका मेवाही तोवर कातरून झालेला असावा, आणि तो घरातल्या सर्वांनी मिळून कातरलेला असावा. चांदरातीला ती एकटीच सुरी घेऊन बसलेली नसावी.