दोष तारेचा कीं बोटाचा?

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनीं १९०८ सालीं मुंबईंत गांधर्व महाविद्यालय काढिलें. पुढें गिरगांव-दादरच्या पांढरपेशा घरांतून संगीताचें शिक्षण हळूहळू रूढ झालें. आतां त्याच घरांत पेटी-सतारीच्या शेजारीं विजेची गिटार येऊन बसली आहे, व तिजबरोबर एक तक्रारही. मोकळ्या तारा ट्यूनर लावून बिनचूक मिळविल्या, तरी पडदे दाबून कॉर्ड वाजवितांच ती बेसूर लागते. नातू म्हणतो, वाद्य हलकें. आजोबा म्हणतात, पोराला कानच नाहीं. आमच्या मतें हे दोन्ही निकाल घाईचे होत. पुष्कळदां दोष असतो तो डाव्या हाताच्या बोटांत.

याची उपपत्ति सोपी आहे. बोटानें तार पडद्यास टेकली कीं तिची लांबी ठरली. बोटाचें काम तेथेंच संपलें. त्याउपर दिलेला जोर तारेस दोन पडद्यांमधील खळग्यांत ढकलतो, ताण वाढतो आणि स्वर चढतो. ताण शेंकडा १ वाढला तर कंपनसंख्या शेंकडा सुमारें अर्ध्यानें वाढते. अर्धस्वराचे १०० सेंट मानिले, तर हा चढ ८-९ सेंटांचा होतो. एकट्या स्वरांत तो कदाचित् खपेल. परंतु कॉर्डमध्यें एक तार चढली व दुसरी न चढली, तर कानास तें तत्काळ खटकतें. या गिटारीच्या तारा बारीक व पडदे कित्येकदां उंच, त्यामुळें जास्तीचा जोर लपत नाहीं.

सतारींतही हाच नियम आहे. मिरजेच्या सतारीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. सतारीच्या कमानदार पडद्यांवर वादक तार बाजूस ओढून मींड काढितो, म्हणजे ताणच वाढवितो. परंतु किती ओढावयाचें हें त्याचा कान ठरवितो. जाणून चढविलेला स्वर तो अलंकार. नकळत चढलेला तो दोष.

परीक्षा घरींच करावी. बाराव्या पडद्याच्या नेमक्या वर तारेस नुसता स्पर्श करून ती छेडावी. मग त्याच पडद्यावर एकदां हलकें व एकदां जोरानें दाबून वाजवावी, आणि तिन्ही वेळां ट्यूनर पाहावा. हलक्या दाबानें स्वर जुळला व जोरानें चढला, तर दोष बोटाचा. हलक्या दाबानेंही न जुळला, तर तारा जुन्या झाल्या असतील किंवा घोडी सरकवावी लागेल. तें काम माहितगारावर सोंपवावें. बोटाचा दोष असल्यास बोट पडद्याच्या अगदीं लगत मागें ठेवून जोर हळूहळू कमी करीत जावा. तार खरखरूं लागली कीं किंचित् वाढवावा. तेवढा जोर पुरे.

वडील मंडळींस एकच विनंति. ‘याला कान नाहीं’ हें वाक्य आपल्या घरांतून फार सहज उच्चारिलें जातें, आणि तें ऐकून माळ्यावर गेलेलें वाद्य बहुधा पुन्हां खालीं येत नाहीं. आपली कॉर्ड बेसूर लागली हें ज्या मुलास स्वतः कळलें, त्याला कान आहेच. शिकावयाचें राहिलें आहे तें बोटानें.