जागा दिसली म्हणून घुसायचं नसतं

शुक्रवारी जेवताना एकाने मोबाइलवर जेट-स्कीच्या शर्यतीची क्लिप दाखवली. वळणावरच्या बोयाशी पुढचा जरा रुंद गेला, मागच्याने आतून नाक घातलं आणि धाडकन दोघेही पाण्यात. दोघांनी हात वर केले, म्हणजे शुद्धीवर होते. टेबलावर लगेच एकमत झालं. "पुढच्याचीच चूक. दार उघडं ठेवलं ना त्याने! शर्यत आहे बाबा, सत्यनारायण नाही." मी एकटा विरोधी पक्षात. डबा संपेपर्यंत मला कोणी बोलू दिलं नाही, म्हणून आज इथे सविस्तर.

माझं म्हणणं एवढंच : पाण्यावर जो मागून येऊन पुढे जातो, टक्कर टाळण्याची जबाबदारी त्याची. शर्यतीतसुद्धा. किंबहुना शर्यतीत जास्तच.

पहिलं कारण यंत्रातच आहे. जेट-स्कीला सुकाणू नसतं. तळातून पाणी आत ओढलं जातं आणि मागच्या नोझलमधून जोरात बाहेर फेकलं जातं. हँडल फिरवलं की ते नोझल फिरतं. म्हणजे वळण मिळतं ते पाण्याच्या झोतामुळे. थ्रॉटल सोडला की झोत गेला, झोत गेला की वळण गेलं. हँडल कितीही पिळा, गाडी आपली सरळ!

हे मी तारकर्लीला स्वतः अनुभवलंय. समोर दुसरी जेट-स्की आली आणि रस्त्यावरच्या सवयीने मी गॅस सोडून हँडल वळवलं. काही म्हणजे काही झालं नाही. मागे बसलेल्या पोराने माझ्या हातावरून हात घालून थ्रॉटल दाबला आणि ओरडला, "साहेब, सोडू नका, गॅस द्या नि वळवा!" थोडक्यात वाचलो. गाडी बंद करणारी जी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवी, ती हँडलला गुंडाळून ठेवलेली होती, हे किनाऱ्यावर आल्यावर लक्षात आलं. असो.

आता हेच ताशी १०० किलोमीटरला बघा. सेकंदाला सुमारे २८ मीटर. मागचा बोयाशी आत घुसला, पुढचा दचकला, त्याचं बोट थ्रॉटलवरून सुटलं, की ज्या क्षणी वळायला हवं नेमकं त्याच क्षणी त्याला वळता येत नाही. मागच्याचा हिशोब असतो, "तो सरकेल." कसा सरकेल? सरकण्याचं साधनच त्याच्याकडे उरलेलं नाही. शर्यतीतल्या उभं राहून चालवायच्या गाड्यांना ब्रेकही नसतो. बरं, पुढचा वळून मागे बघत बसला तर समोरचा बोया चुकणार. आणि मागच्याच्या तोंडावर पुढच्याच्या पाण्याचा फवारा. "मला दिसलंच नाही" असं नंतर सांगतात. अरे, दिसत नाही म्हणून तर घुसायचं नाही!

दुसरं कारण नियमाचं. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले. त्यातला तेरावा नियम म्हणतो की ओव्हरटेक करणाऱ्याने दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला राहायचं, आणि पूर्ण पुढे जाऊन मोकळा होईपर्यंत ही जबाबदारी त्याचीच. आपण ओव्हरटेक करतोय का अशी शंका आली, तरी करतोय असंच धरायचं. सतरावा नियम पुढच्याला सांगतो की तू तुझी दिशा आणि वेग कायम ठेव. मागच्याच्या एकट्याच्या प्रयत्नाने टक्कर टळत नाही असं दिसलं तर मात्र तूही हालचाल कर.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे पटकन कळावं. दोन थ्रेड, दोघांनाही वाटतं दुसरा थांबेल, आणि डेटाचा चुथडा. आपण त्याला रेस कंडिशनच म्हणतो :) उपाय काय? कोणी थांबायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. तेरावा नियम दुसरं काय करतो?

यावर ठरलेला आक्षेप : हे नियम बंदरातल्या बोटींसाठी, शर्यतीचं नियमपुस्तक वेगळं. मान्य. अ‍ॅरिझोनातल्या लेक हवासूला वर्षानुवर्षं या खेळाच्या जागतिक स्पर्धा झाल्यात. ताणलेली रबरी पट्टी सुटते आणि सगळेच्या सगळे एकाच बोयाकडे धावतात. तिथे अंतर कमीच असणार. पण शर्यतीच्या कोर्सवरून समोरून येणारी बोट काढून टाकता येते, नोझलचं भौतिकशास्त्र नाही.

मग कोणीतरी आयर्टन सेन्ना काढतो : मोकळी जागा दिसूनही जो घुसत नाही तो रेसरच नव्हे. त्या वाक्याचा संदर्भ बघा. १९९० साली सुझुकाला पहिल्याच वळणावर त्याने प्रॉस्टला ठोकलं, त्यानंतरच्या मुलाखतीतलं ते समर्थन आहे. आणि १९९१ साली त्यानेच कबूल केलं की ती धडक मुद्दाम होती. शिवाय सेन्नाभोवती कार्बन फायबरचं कवच होतं. जेट-स्कीवर तुमचं कवच म्हणजे हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि तुमच्या बरगड्या.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये. अमेरिकेच्या एनटीएसबीने १९९८ साली जेट-स्कीच्या सुरक्षिततेवर अभ्यास केला. त्यात दिसलं की बाकीच्या हौशी बोटींवर माणसं मुख्यतः बुडून मरतात. इथे बुडण्यापेक्षा आपटून, धडकून मरणारे जास्त. म्हणजे लाइफ जॅकेट घातलं की झालं, हा समज इथे पुरत नाही.

मग शर्यतीत ओव्हरटेक करायचंच नाही का? करा की! बोया यायच्या आधीच बरोबरीत या, नाहीतर वळण संपेपर्यंत थांबा. पुढे गेल्यावर लगेच त्याच्या नाकासमोर कापू नका. तुम्ही एक फेरी मागे पडला असाल तर सौजन्य म्हणून इकडेतिकडे सरकू नका, आपली रेषा धरा. मागचा त्याच रेषेच्या भरवशावर असतो. आणि पंचांनी टक्कर झाली की "कोण पडलं" हे विचारण्याआधी "मागून कोण आलं" हे विचारावं, आणि त्याने मिळवलेली जागा काढून घ्यावी. दोन-चार वेळा असं झालं की दारं उघडी दिसायची आपोआप कमी होतील.

सोमवारी टेबलावर पुन्हा हाच विषय निघणार. या वेळी मी डबा आधीच संपवून बसणार आहे.